हजेरी कोण घेणार?



गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेदहा झाले होते. मस्टरवर सही करून मी नुकताच टेबलाशी येऊन बसलो होतो. पिण्याच्या पाण्याचे जार टाकणारा टेम्पो खाली आला आणि एक पोरगा वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन जिना चढून वर आला. जार जागेवर ठेवून पावतीवर सही घेण्यासाठी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "जय भीम, काका. ओळखलं नाही का?"

मी चष्मा वर करून पाहिले. वय अठराच्या आसपास, ओठांवर मिसरूड, घामाने भिजलेला शर्ट. ओळख पटेना. मग त्यानेच आपल्या जुन्या चाळीचे नाव सांगितले. "तुमच्या मुलीच्या वर्गात होतो मी. खिडकीकडचा तिसरा बाक."

आठवले. आणि आठवले म्हणून सवयीने विचारून गेलो, "मग आता बारावी का?"

तो हसला. "कसली बारावी, काका? सातवीतच सुटली ना शाळा. लॉकडाऊनमध्ये."

"अरे, पण शाळा पुन्हा सुरू झाली. सगळी मुलं परत आली. तू का नाही आलास?"

रिकामा जार खांद्याला लावत तो अगदी सहज बोलला, "मला बोलवायला कोणी आलंच नाही."

एवढे बोलून तो जिना उतरून गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. पाऊस आला, बस चुकली, असे सांगावे तसे त्याने सांगितले. पण मला त्या दिवशी जेवणाचा डबा गोड लागला नाही. कारण त्या काळात आमच्या वस्तीत मुलांची वही मीच ठेवत होतो. त्या वहीत या मुलाच्या नावापुढे शेरा आहे, 'पत्ता लागत नाही'. आणि तो शेरा माझ्या हस्ताक्षरात आहे.

आज त्या वहीबद्दलच लिहिणार आहे. आम्ही काय चांगले केले ते लिहीन, आणि कुठे चुकलो तेही लिहीन. कारण शाळा पुन्हा कधीच बंद पडणार नाहीत अशी हमी आपल्याला कोणी दिलेली नाही.

घंटा वाजली नाही

मार्च २०२० च्या मध्यात शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. माझ्या पुतण्याचा दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला होता, तो अखेर रद्दच झाला. मुलांना वाटले, उन्हाळ्याची सुट्टी लवकर लागली. जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले, पण घंटा वाजली नाही. राज्यात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग हळूहळू उघडू लागले, मुंबईत मात्र तेव्हाही शाळांना कुलूपच होते. माझी मुलगी त्या वर्षी सातवीत होती. तिने शाळेचे दार पुन्हा पाहिले ते ४ ऑक्टोबर २०२१ ला, आठवीत गेल्यावर. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ शाळा मोबाइलच्या काचेवर भरली.

शासनाने आणि शिक्षकांनी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेकडून रोजचा अभ्यास मोबाइलवर येत असे. दीक्षा अॅप होते. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर उतरवून घेता येत होती. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागे. आमच्या बाईंनीही वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला. सकाळी साडेसातला त्यांचा संदेश यायचा, दुपारी गणिते यायची, रात्री अकरापर्यंत त्या मुलांच्या वह्यांचे फोटो तपासत बसायच्या.

आमच्या घरी मोबाइल एकच. तो ऑफिसच्या कामालाही लागायचा. ऑफिसात पाळीपाळीने जावे लागे. ज्या दिवशी माझी पाळी, त्या दिवशी मुलीची शाळा संध्याकाळी सातनंतर. महिन्याचे रिचार्ज दीड-दोनशे रुपयांचे, आणि पगार कापून आलेला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच झाले असेल. रखवालदारी करणारा, साफसफाईवर जाणारा, भाजीची गाडी लावणारा बाप मोबाइल खिशात घालून सकाळी बाहेर पडला की त्याच्याबरोबर मुलांची शाळाही बाहेर पडायची.

'प्रथम' संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल निघतो. २०२१ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण घरी फोन असलेल्या या मुलांपैकीही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे यात किती अंतर आहे, ते आपल्या घरातल्या बायांना विचारा. आणि मुलीच्या हातात तो किती वेळ असतो, तेही विचारा.

"बाबा, ती ग्रुपमध्ये नाहीच"

ऑगस्ट २०२० मधल्या एका संध्याकाळी मुलगी वहीचे फोटो पाठवत बसली होती. एकदम म्हणाली, "बाबा, माझ्या बाकावरची मैत्रीण ग्रुपमध्ये नाहीच."

मी म्हटले, "असेल. नीट बघ."

तिने मोजून दाखवले. वर्गात मुले ५२. ग्रुपमध्ये ३१. दोन महिने झाले होते आणि २१ मुले नाहीत, हे आम्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते.

असे का झाले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मी कारकून माणूस, मस्टर हा माझ्या रोजच्या पाहण्यातला कागद. मस्टरचा उपयोग आलेल्या माणसांपेक्षा न आलेल्यांसाठी जास्त असतो. वर्गातली हजेरी आठवा. बाई नाव पुकारतात, "हजर बाई" असा आवाज येतो. एखाद्या नावाला उत्तर आले नाही की सगळा वर्ग मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे बघतो. लगेच कोणीतरी सांगते, "बाई, त्याला ताप आहे." दुसरे सांगते, "नाही बाई, तो गावाला गेलाय." तिसरे म्हणते, "त्याच्या आईला बरं नाही, तो पाणी भरायला थांबलाय." बाईंना माहीत नसते ते वर्गाला माहीत असते. कोण कुठे आहे आणि का आला नाही, हे एकमेकांना ठाऊक असणे, यालाच मी शाळा म्हणतो. धडे तर पुस्तकातही असतात.

मोबाइलच्या ग्रुपमध्ये हीच गोष्ट नव्हती. तिथे जो आहे त्याचे नाव दिसते, जो नाही त्याची जागाही दिसत नाही. रिकामा बाकच नाही, मग मान कुठे वळवायची? शिवाय प्रत्येक मुलाची तार बाईंशी जोडलेली होती, मुलांची आपसातली तार तुटली होती. बाई एकट्या, मुले बावन्न. त्या कुठवर पुरणार?

माझ्या लहानपणची एक आठवण सांगतो. १९९२ पासून राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. माझी धाकटी बहीण तेव्हा शाळेत होती. रुपया तो काय, पण आमची आई तिला एक दिवसही घरी ठेवत नसे. "रुपया बुडेल" म्हणायची. खरे तर रुपयापेक्षा मोठी गोष्ट ही होती की मुलगी शाळेत आली की नाही, हे कोणीतरी कागदावर लिहून ठेवत होते. गरिबाच्या मुलीचा दिवस मोजला जात होता.

दोनशे पानी वही

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. त्यांनाही हीच काळजी होती. त्यांनी ५२ नावांची यादी सांगितली, मी लिहून घेतली. दोनशे पानी वहीवर मस्टरसारखे रकाने आखले. डावीकडे नाव, वर दर शनिवारची तारीख. खुणा ठरवल्या. 'भ' म्हणजे भेट झाली, 'फ' म्हणजे फोन झाला, 'ग' म्हणजे गावाला, आणि रिकामा रकाना म्हणजे पत्ता नाही.

ग्रुपमधल्या मुलांना आम्ही तीन-तीन नावे वाटून दिली. जवळ राहणारी, ओळखीची, आधी एका बाकावर बसणारी. काम एवढेच, आठवड्यातून एकदा त्या तिघांची खबर घ्यायची. तोंडाला मास्क लावून, दारातूनच विचारायचे किंवा कोणाच्या फोनवरून बोलायचे. "बरा आहेस का? अभ्यास मिळतो का?" शनिवारी संध्याकाळी मुले माझ्या मुलीला सांगायची आणि वहीत खुणा व्हायच्या. आमची वस्ती विक्रोळीच्या डोंगरउतारावरची. मोठी माणसे पायऱ्या चढून दमतात, मुले दमत नाहीत. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले.

ग्रुपमध्ये नसलेल्या २१ पैकी ९ मुले गावी गेली होती. सात मुले वस्तीतच होती, पण घरात साधा फोन होता किंवा फोन बापाबरोबर कामावर जात होता. दोन कुटुंबांनी भाडे परवडेना म्हणून खोली बदलली होती. राहिली तीन, त्यांची खबर लागेना.

त्या सात मुलांचे काम सर्वांत सोपे निघाले. ज्याच्याकडे फोन आहे त्याने सकाळी आलेला अभ्यास वहीत उतरवायचा आणि शेजारच्याला द्यायचा. बाईंनी प्रश्नपत्रिका कागदावर काढायला सुरुवात केली. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या भाऊंना सांगितले तेव्हा त्यांनी अर्ध्या पैशात प्रती काढून दिल्या. कागद किराणा दुकानात ठेवायचे. मीठ-साखर घ्यायला येणारी आई कागद घेऊन जायची, सोडवलेला परत आणून द्यायची.

दुसरी युक्ती बाईंची. त्या काळात शाळेत भात शिजत नव्हता, म्हणून पोषण आहाराचे तांदूळ आणि कडधान्य कोरडेच वाटले जायचे. तांदळाला मात्र सगळे पालक यायचे. बाईंनी तांदळाच्या टेबलाशेजारी दुसरे टेबल मांडले. तांदूळ घेतला की इकडे या, मुलाचा कागद घ्या, मागचा द्या, आणि मूल काय करते ते सांगा. त्या टेबलावर अभ्यासाइतकीच घरची दुःखे ऐकली गेली. कोणाचा नवरा कामावरून कमी झाला, कोणाच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेले ते परत आलेच नाहीत. एका आईने सांगितले, "पोरगी अभ्यास करते, पण कोणाशी बोलत नाही." बाईंनी त्याच दिवशी दोन मैत्रिणींना तिच्या दारात पाठवले.

गावी गेलेल्या नऊ मुलांचे काय करायचे? गावाकडे रेंजची बोंब. कणकवली तालुक्यातल्या एका मुलीने कॉलेजच्या तासांसाठी डोंगरावर झोपडी बांधून घेतली, ही बातमी तुम्ही त्या वर्षी वाचली असेल. आमची मुले तर सातवीतली. तेव्हा माझ्या पत्नीने सुचवले, "पत्र पाठवा ना." पोस्टकार्ड ५० पैशांचे. मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टकार्ड पाहिले. पत्ता कुठे लिहायचा इथपासून शिकवावे लागले. नऊ कार्डे गेली, पाच उत्तरे आली. एकाने लिहिले होते, आमच्या शेळीला दोन करडे झाली, एकाचे नाव मी वर्गातल्या मित्रावरून ठेवले आहे. ते कार्ड वस्तीत घरोघर फिरले. ज्याचे नाव करडाला ठेवले होते, तो आधी रुसला आणि मग त्यानेच सर्वांत लांब उत्तर लिहिले. मराठीच्या पुस्तकातला पत्रलेखनाचा धडा असा पार पडला.

इतर ठिकाणी काय झाले

आम्हीच मोठे काही केले असे कृपया समजू नका. महाराष्ट्रात ठिकठिकाणी साध्या शिक्षकांनी फार मोठी कामे केली. सोलापुरात नीलमनगर भागात कामगारांच्या मुलांसाठी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. मूल घराबाहेर आले की समोर पाढे, इंग्रजी शब्द, विज्ञानाच्या आकृत्या. पालघर-नाशिककडच्या आदिवासी पाड्यांत लाऊडस्पीकर लावून 'बोलकी शाळा' भरली. नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम लागे.

या तिन्ही गोष्टींत एक गोष्ट समान आहे. भिंत, भोंगा आणि रेडिओ यांना पासवर्ड लागत नाही. भिंत सगळ्या गल्लीची असते. तिच्यासमोर चार मुले एकत्र उभी राहतात, आणि पाचवा आला नाही तर चौघांना कळते. मोबाइल वाईट आहे असे मी म्हणत नाही, त्याने पुष्कळांचे वर्ष वाचवले. पण तो एकेकट्याच्या हातातला असतो. एकेकट्याच्या वस्तूने समूह बांधायचा असेल तर माणसांनी पायपीट करावीच लागते.

वही बंद केली, ती चूक

आता माझी चूक सांगतो.

शाळा उघडली तेव्हा आमच्या ५२ मुलांपैकी ३ मुलांची नावे गावच्या शाळेत लागली होती, ती तिकडेच शिकत राहिली. ४७ मुले पालकांचे संमतीपत्र घेऊन वर्गात परत आली. त्यांत खबर न लागलेल्या तिघांपैकी एक मुलगाही होता, आजीकडे राहून आलेला. बाईंनी हजेरी घेतली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे मुलीने सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा तीन आठवडे बंद पडल्या, तेव्हा आमची वही तयारच होती, एकही मूल सुटले नाही. वस्तीत आमचे कौतुक झाले. समाजमंदिरात सत्कार झाला, नारळ आणि शाल मिळाली.

पण ४७ आणि ३ मिळून ५० होतात. दोन मुले राहिली.

एक मुलगी होती. तिचे कुटुंब मामाकडे गेले एवढेच कळले होते. पुढे २०२३ मध्ये कळले की तिचे लग्न झाले. वय हिशेबाने पंधरा. मुलीचे लग्न अठराच्या आत करणे हा गुन्हा आहे, हे आपण सभांमध्ये सांगतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतींवर लिहितो. पण ती मुलगी कुठे आहे हेच माहीत नव्हते, तर तो नंबर कोणासाठी फिरवणार होतो?

दुसरा हा पाण्याच्या जारवाला. तो गावी गेलाच नव्हता. वडिलांचे काम सुटले, भाडे थकले, म्हणून त्यांनी खालच्या चाळीतली खोली सोडून वर टाकीजवळ पत्र्याची खोली घेतली होती. माझ्या घरापासून दहा मिनिटांची चढण. मुलगा पहाटे वडिलांबरोबर भाजीच्या गाडीवर जायचा. ज्या मुलाकडे त्याचे नाव होते, त्याने जुन्या खोलीला कुलूप पाहिले आणि येऊन सांगितले. आठ शनिवार रकाना रिकामा राहिला. नवव्या शनिवारी मी तिथे लाल शाईने लिहिले, 'पत्ता लागत नाही'. कागद पूर्ण दिसू लागला आणि माझे मन शांत झाले.

आम्हा कारकुनांची ही जुनी खोड आहे. शेरा मारला की काम संपले असे वाटते. फाइल पुढे सरकते, माणूस मागे राहतो. हे मला ऑफिसात दिसत होते, स्वतःच्या वहीत दिसले नाही. रिकामा रकाना निदान टोचत तरी होता. शेऱ्याने तो बुजवला.

आता करण्यासारखे

कोणी म्हणेल, ती महामारी होती, संपली. पण शाळा तुटायला महामारीच लागते असे नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा वह्या-दप्तरांसकट घरे वाहून गेली. ऊसतोडीला दिवाळीनंतर कुटुंबे निघतात, त्यांची मुले महिनोन्महिने वर्गाबाहेर असतात. मुंबईत चाळी पाडून इमारती होतात, तेव्हा एका वर्गातली मुले संक्रमण शिबिरांत आणि भाड्याच्या खोल्यांत चार दिशांना पांगतात. प्रत्येक वेळी प्रश्न तोच, हजेरी कोण घेणार?

म्हणून चार गोष्टी सुचवतो. एक, प्रत्येक चाळीत, प्रत्येक गल्लीत शाळकरी मुलांची एक वही असावी. नाव, इयत्ता, शाळा, आणि गावचा पत्ता. महिन्यातून एकदा ती वाचावी. हे काम महिला मंडळाने घेतले तर उत्तम, कारण कोणत्या घरात चूल पेटली नाही ते बायांनाच आधी कळते.

दोन, मुलांची मुलांशी गाठ घालून द्या. प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन मित्रांचे पत्ते आणि घरचा फोन नंबर असू द्या. मोबाइल हरवतो, वही घरात राहते.

तीन, सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. आपण त्या बैठकांना जात नाही. जा, आणि एकच प्रश्न विचारा, "मागच्या महिन्यात कोणती मुले आली नाहीत आणि त्यांच्या घरी कोण गेले?"

चार, जे मूल सुटले आहे त्याला वाट आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाला शोभेल त्याच वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला नाही म्हणून शाळा त्याला अडवू शकत नाही. वय पुढे गेले असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. पालकांना हे ठाऊक नसते आणि मुलाला विचारायची लाज वाटते. ती लाज घालवणे हे कार्यकर्त्याचे काम.

शेरा खोडला

त्या दिवसानंतरच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी शाळेत गेलो. तिथल्या कारकुनाने जनरल रजिस्टर काढले. मुलाचे नाव होते, पुढे 'सतत गैरहजर' असा शेरा होता. आम्ही दोघे कारकून एकमेकांकडे पाहून काही बोललो नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून दिला. दाखला मिळाला की सतरा नंबरचा फॉर्म भरता येईल.

मुलगा तयार झाला, पण लगेच नाही. "काका, माझी ड्युटी असते. आणि सातवीतून एकदम दहावी? हसतील लोक." माझी मुलगी आता बारावीत आहे. ती म्हणाली, "रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात ये. गणित मी घेते. हसणाऱ्याला मी बघून घेते."

पहिल्या रविवारी तो आला. दुसऱ्या रविवारी आला, वही घेऊन आला. तिसऱ्या रविवारी सात वाजले, साडेसात वाजले, तो आला नाही. मुलीने वहीत तारीख घातली आणि रकाना रिकामा ठेवून माझ्याकडे पाहिले.

मी पायात चपला घातल्या. टाकीपर्यंत दहा मिनिटांची चढण आहे, माझ्या गुडघ्यांना पंधरा लागतात. दार त्याच्या आईने उघडले. मुलगा आत पाय शेकत बसला होता. जार उतरवताना घोटा मुरगळला होता. मला पाहून तो उठायला लागला.

"बस, बस," मी म्हटले. "बोलवायला आलो होतो."